लाल दिवा लागण्याआधी आत या

दार जड आहे, खांदा लावा. आत शिरलात की दोन ऋतू एकदमच भेटतील. यंत्रं तापू नयेत म्हणून सोडलेला गारवा आणि वरून आग ओकणारे दिवे. तुम्ही दिल्लीत आहात, संसद मार्गावरच्या आकाशवाणी भवनात. १९६०च्या दशकाचा उत्तरार्ध चालू आहे आणि सबंध भारतात टेलिव्हिजन केंद्र आहे ते एवढं एकच. १५ सप्टेंबर १९५९ला ते प्रयोग म्हणून सुरू झालं. पहिल्या दिवसांत इथं पु. ल. देशपांडे होते, पडद्यासाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत त्यांनीच घेतली. रोजचं प्रक्षेपण १९६५पासून. टीव्हीचा संसार आकाशवाणीपासून वेगळा व्हायला १९७६ उजाडायचं आहे.

पायाखाली बघून चाला. कॅमेऱ्यांच्या मनगटाएवढ्या जाड केबली जमिनीवर पसरल्यात आणि एकावर जरी पाय पडला तरी दिल्लीतल्या घराघरांत चित्र हलेल. समोरची भिंत रंगवलेल्या कापडाची आहे, हात लावू नका. कोपऱ्यात स्टँडवर काळी पुठ्ठ्याची कार्डं लावलीत, त्यांवर कलाकारांची नावं कुणीतरी ब्रशनं काढली आहेत. श्रेयनामावली ती हीच. एक माणूस कार्ड ओढणार, कॅमेरा पुढच्या कार्डावर स्थिरावणार.

आता काचेपलीकडे चला, कंट्रोल रूममध्ये. अंधारात मॉनिटर लुकलुकताहेत. पॅनलसमोर हेडफोन लावून बसलेली, तिशीच्या आसपासची ती तरुणी म्हणजे सई परांजपे. पद प्रोड्यूसरचं, पण पैसे घालणारा निर्माता इथं नसतो. सरकारी केंद्रातल्या प्रोड्यूसरनं विषय शोधायचा, अनेकदा संहिताही स्वतःच लिहायची, नट जमवायचे, तालमी घ्यायच्या आणि ऐन वेळी या खुर्चीत बसून कोणत्या क्षणी कोणता कॅमेरा हे ठरवायचं.

आज नाटुकलं आहे, आणि ते थेट जाणार आहे. म्हणजे नट बोलेल त्याच क्षणी ते घरात ऐकू जाणार. इथं रीटेक नाही. चुकलेलं वाक्य समोरच्या नटानं सावरून घ्यायचं. नायिकेला साडी बदलायला अर्धं मिनिट हवं असेल, तर ते अर्धं मिनिट लेखिकेनं संहितेतच पेरून ठेवलेलं असतं: दुसरं पात्र खिडकीशी उभं राहून बोलणार, कॅमेरा त्याच्यावर, आणि तेवढ्यात पडद्यामागे पिना लागणार.

डावीकडच्या यंत्राकडे नीट बघा. हे टेलिसिने. रस्ता, बाजार, बसस्टॉप असं बाहेरचं दृश्य हवं असेल तर ते आधी १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करून आणायचं आणि प्रक्षेपण चालू असताना या यंत्रातून मधे सोडायचं. गोम अशी, की फिल्म सुरू केल्या केल्या चित्र स्थिर होत नाही, तिला वेग धरायला काही सेकंद लागतात. म्हणून नट घरातून बाहेर पडण्याच्या बऱ्याच आधी, संवादातल्या एका ठरलेल्या शब्दावर, फिल्म चालू करण्याची खूण द्यायची. त्या शब्दावर संहितेत तांबड्या पेन्सिलीची रेघ असते. नटानं वाक्य रेंगाळत म्हटलं तर फिल्म आधी येणार, घाईत म्हटलं तर पडदा रिकामा. आता ऐका: तो शब्द आला, बोट वर गेलं, यंत्र घरघरलं, नटानं चप्पल घातली, दार ओढलं... आणि रस्ता. जुळलं. कंट्रोल रूममध्ये कुणी टाळी वाजवत नाही, कारण पुढची खूण तीन वाक्यांवर आली आहे.

वाक्याची लांबी सेकंदांत मोजणारा हा कान आला कुठून, हे बघायला थोडं मागे जाऊ.

१९४६च्या सुमाराला पोचलात तर हातात एक मराठी पुस्तक येईल, ‘मुलांचा मेवा’. लेखिका सई, वय आठ. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे, केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, फर्ग्युसनचे प्राचार्य, ऑस्ट्रेलियातले भारताचे हाय कमिशनर. नातीचं बालपण काही काळ तिथंही गेलं. आई शकुंतला परांजपे संततिनियमनाच्या कामातली बिनीची कार्यकर्ती. व्ही. शांतारामांच्या ‘कुंकू’ चित्रपटात त्यांना तुम्ही पाहिलं असेल. वडील यूरा स्लेप्त्सोव्ह हे रशियन चित्रकार. आईवडील लवकर वेगळे झाले आणि सईंना वाढवलं ते आईनं.

पुढे पुणे आकाशवाणी. तिथं निवेदन आणि मुलांचे कार्यक्रम. रेडिओवर हावभाव नसतात, सगळी भिस्त शब्दावर आणि शब्दांमधल्या थांब्यावर. मग दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, इब्राहिम अल्काझींची करडी शिस्त, १९६३ला पदविका. रेडिओचा कान आणि रंगभूमीचा डोळा घेऊन माणूस टीव्हीच्या स्टुडिओत आला, तर तो तिथं पाहुणा राहत नाही.

१९७२ला या. ‘द लिटल टी शॉप’ ही सईंनी टीव्हीसाठी केलेली छोटी फिल्म तेहरानमध्ये आशियाई प्रसारण संघटनेचा पुरस्कार घेऊन येते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला वरळीला मुंबई केंद्र सुरू होतं, देशातलं दुसरं, आणि उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती सोपवली जाते ती दिल्लीत तयार झालेल्या याच बाईंकडे. मुंबईच्या एखाद्या घरात डोकावा. सेट एकाकडे, प्रेक्षक सगळा मजला. मराठी, गुजराती, हिंदी, जे लागेल ते बघायचं. गच्चीवर कुणीतरी अँटेना फिरवतोय आणि खालून ओरडा चाललाय: आलं, आलं, गेलं! मराठी माणसाचं टीव्हीशी नातं जुळलं ते या गर्दीत.

आता एक कटू गोष्ट. तुम्ही मघाशी दिल्लीत जे नाटुकलं बघितलंत, ते पुन्हा बघायला मिळणार नाही. थेट गेलेलं हवेत विरलं. पुढे टेप आली, पण महाग. एक कार्यक्रम दाखवून झाला की ती पुसायची आणि तिच्यावरच दुसरा उतरवायचा. त्या काळातल्या निर्मात्यांची कित्येक वर्षांची मेहनत अशी त्यांच्याच खात्याच्या काटकसरीत गेली. कुणी मुद्दाम केलं नाही, पण कुणी थांबवलंही नाही.

मग सईंचं ते काम उरलं कुठं? सिनेमात. थिएटरचं तिकीट काढा, दोनदा.

पहिलं ‘स्पर्श’चं, साल १९८०. सई एका अंधशाळेत गेल्या, तिथल्या दृष्टिहीन मुख्याध्यापकांचा स्वाभिमान त्यांच्या मनात ठसला आणि त्यातून आधी दिल्ली टीव्हीसाठी ‘रैना बीती जाए’ झालं. सिनेमा नंतर. पडद्यावर नसीरुद्दीन शाहांचा अनिरुद्ध स्वतः कॉफी करतोय. शबाना आझमींची कविता मदतीला पुढे होते आणि तो दुखावतो. खोली, दोन माणसं, कप, पुढे आलेला एक हात. छोट्या पडद्यावर गर्दी मावत नाही, घोडदौड मावत नाही. चेहरा मावतो, हात मावतो. एवढ्या ऐवजात नाट्य उभं करायची सवय तुम्ही मघाशी काचेपलीकडून पाहिलीत. ‘स्पर्श’ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, अभिनेता आणि पटकथा असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

दुसरं तिकीट ‘चष्मेबद्दूर’चं, १९८१. याचंही बी टीव्हीतलंच, ‘धुआँ धुआँ’ हे दूरदर्शनचं नाटक. दिल्लीतली बरसाती, तीन मित्र, एक उधारी वसूल करू पाहणारा पानवाला. दारात दीप्ती नवल कपडे धुण्याची पावडर घेऊन उभी आहे आणि फारूख शेखसमोर बादलीत फेस काढून दाखवतेय. प्रेमाची सुरुवात एवढीच.  विनोद कुठून येतो ते ऐका: वाक्य संपल्यावर समोरचा अर्धा क्षण गप्प राहतो, तिथून. तो अर्धा क्षण पुणे आकाशवाणीत शिकलेला आणि टेलिसिनेच्या शेजारी पक्का झालेला.

‘कथा’ (१९८३) श. गो. साठ्यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून आली, टीव्हीवरून नाही. तरी चाळीच्या गॅलऱ्यांतली माणसं ज्या सफाईनं चौकटीत येतात-जातात ती थेट प्रक्षेपणातली आहे: कोण कुठं उभं, कोण कधी बाहेर.

१९८४मध्ये पुन्हा घरातल्या सेटसमोर बसा. १९८२च्या आशियाई खेळांनी रंग आणला आहे आणि जुलै १९८४ला ‘हम लोग’नं प्रायोजित मालिकांचं दार उघडलं आहे. आता बाहेरचा निर्माता मालिका बनवणार, साबण-टूथपेस्टवाले खर्च उचलणार, बहुधा १३ भागांचा हिशेब. सई त्या दारातून परत येतात, या वेळी पगारी प्रोड्यूसर म्हणून नव्हे. ‘अडोस पडोस’मध्ये अमोल पालेकर आहेत, पाठोपाठ १९८५ला ‘छोटे बडे’. पुढचे ‘दिशा’, ‘साज’, माहितीपट, मराठी नाटकं, २००६चं पद्मभूषण हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. २०१६ला ‘सय’ हे आत्मकथन आलं, ते वाचलं नसेल तर वाचा.

सई परांजपेंकडे आपण सिनेमावाल्या म्हणून बघतो आणि टीव्हीची वर्षं उमेदवारीत जमा करतो. हा हिशेब उलटा मांडायला हवा. त्यांच्या चित्रपटांत जे आपल्याला ‘साधं’ वाटतं, ते एका सरकारी स्टुडिओत, रीटेक नसताना, घड्याळाच्या काट्यावर कमावलेलं कसब आहे. तिथं त्या एकट्या नव्हत्या; वरळीला आणि दिल्लीला असे अनेक निर्माते, दिग्दर्शक, कॅमेरामन आयुष्यभर खपले. त्यांच्याकडे सिनेमा नव्हता, म्हणून आज त्यांचं नावही घेतलं जात नाही.

तेव्हा परत आल्यावर एक काम करा. घरात, नात्यात, इमारतीत दूरदर्शनमधून निवृत्त झालेलं कुणी असेल तर त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेची चौकशी करा. टेप सापडणार नाही, पण तांबड्या रेघांच्या संहिता, क्यू शीट, तालमीचे फोटो सापडतील. ते रद्दीत जाऊ देऊ नका. एखाद्या ग्रंथालयाला, नाट्यसंस्थेला, चित्रपट संग्रहालयाला विचारा, आणि त्या माणसाला समोर बसवून मोबाइलवर त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलण्यासारखं नाही. ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.