त्रैराशिक आणि पाटणचे माप

छत्रपती संभाजीनगराहून पैठणच्या रस्त्याने निघाले की वाटेत चितेगाव लागते. त्या परिसरातील एका शाळेत मी पुष्कळ वर्षे मुलांस त्रैराशिक शिकविले. चार किलो ज्वारीस अमुक रुपये, तर सात किलोस किती, एवढाच हा विषय, असे आपणांस वाटेल. परंतु ह्या लहानशा रीतीचे कुळ फार मोठे आहे, आणि त्या कुळाचे एक घर आपल्या शेजारीच आहे. आज त्या घराविषयी, आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी, चार शब्द सांगावयाचे आहेत.

आर्यभटाने सन ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथात ही रीत दिली आहे. ठाऊक असलेल्या जोडीतील पहिली संख्या ती प्रमाण, दुसरी ते फल, आणि जिच्याविषयी विचारावयाचे ती इच्छा. फलास इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे, की उत्तर आले. शके १०३६ मध्ये, म्हणजे सन १११४ त, जन्मलेल्या भास्कराचार्यांनी छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातील लीलावतीत ते सांगतात की, नारायणाने जसे विश्व व्यापिले आहे तसे त्रैराशिकाने सारे गणित व्यापिले आहे. त्यांचे प्रश्न मात्र बाजारातले आहेत. तीन सप्तमांश निष्कास अडीच पळे केशर मिळते, तर नऊ निष्कांस किती? उत्तर साडेबावन्न पळे. पुढे सन १५८७ त फैजीने लीलावती फारसीत नेली व सन १८१७ त कोलब्रुकने इंग्रजीत. युरोपातील व्यापारी तर ह्या रीतीस सोन्याचा नियम म्हणत.

आता शेजारच्या घराकडे वळू. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावाकडे गेले की डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. तेथील शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने तेथे मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्यास दाने दिली. लेखाचा बराच भाग संस्कृत आहे. पण शेवटी, जेथे बाजाराचा संबंध येतो तेथे, लेखकाची भाषा मराठी होते. गावात जितके घाणे चालतील तितक्या पळ्या तेल मठास द्यावे. जे मोजावयाचे ते मठाच्या मापाने मोजावे. मोजणावळ निम्मी मठास, निम्मी मापाऱ्यास.

आत लीलावतीचा पाठ चालावा आणि बाहेर त्याच मठाच्या मापाने धान्य मोजले जावे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण लीलावतीतच एक उदाहरण आहे: सात आढकांच्या मापाने रास मोजली तेव्हा शंभर मापे भरली, पाच आढकांच्या मापाने किती भरतील? घाईचा विद्यार्थी शंभरास पाचाने गुणून सातांनी भागतो व एकाहत्तर सांगतो. खरे उत्तर १४०. माप लहान झाले की संख्या वाढते. ह्यास व्यस्त त्रैराशिक म्हणतात. जनावराचे वय व किंमत, सोन्याचा कस व वजन, आणि राशीची मापे, ह्या जागी ते लावावे, असे भास्कराचार्यांनी मुद्दाम बजाविले आहे. एखाद्या कुणब्यास लहान मापाने शंभर मापे धान्य उसने दिले आणि मोठ्या मापाने शंभरच परत घेतली, तर वहीत दोन्हीकडे शंभरच दिसतात. पण पाचशे आढकांचे सातशे आढक होतात. गावाचे माप एक असावे, आणि ते कोणा सावकाराच्या घरी नसावे, ह्याचे महत्त्व एवढ्यावरून ध्यानी यावे.

आता माझी चूक. एकदा मी वर्गात उदाहरण घातले: चार माणसे एक विहीर तीस दिवसांत खणतात, तर साठ माणसे किती दिवसांत खणतील? सर्वांनी 'दोन दिवस' असे लिहिले. एका मुलाने लिहिले, ‘साठ माणसे विहिरीत मावणार नाहीत.’ त्याचे वडील विहिरी खणण्याचे काम करीत. मी त्याच्या पाटीवर फुली मारली आणि वर्ग हसला. तो हुशार मुलगा होता. पण त्यानंतर त्याने मला कधी प्रश्न विचारला नाही.

फार उशिरा माझ्या ध्यानी आले की, त्या वर्गात भास्कराचार्यांचा खरा शिष्य तो एकटाच होता. गुणाकार-भागाकार आम्हां सर्वांना येत होता; हे प्रमाण येथे लागू पडते काय, हा प्रश्न त्याने एकट्याने केला. चाराची आठ माणसे केली तर दिवस निम्मे होतील; साठ केली तर खाली उभे राहावयास जागा नाही. रीत खोटी नव्हती, तिची हद्द मी ओलांडली होती.

श्रोतेहो, आज गुणाकार खिशातील यंत्र करते. परंतु माप कोणाचे, संख्या वाढेल की घटेल, आणि विहिरीत जागा किती, हे तीन प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतात. आपल्या घरातील मुलाने उत्तर देण्याऐवजी असा एखादा प्रश्न केला, तर कृपा करून हसू नका. मी हसू दिले होते. ती फुली माझ्या हिशेबात अजून तशीच आहे.