पट्टा चालवतो तो पटाईत: आमचा मंक आणि त्याचं हत्यार

एपिसोड ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हा नेहमीसारखा लिहून काढलेला मजकूर. बोलताना झालेले 'अं... म्हणजे' काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका भांडणातून निघाला. दर शनिवारी रात्री मीरा रोडला माझ्या घरी आम्ही पाच जण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि नियम सांभाळणारा. ऑफिसमध्ये दिवसभर कोडचे नियम, शनिवारी फाशांचे. नवीन मोहीम सुरू करताना आमच्यातली एक जण म्हणाली, "मी मंक घेणार, आणि तिच्या हातात दांडपट्टा असणार." ही भाईंदरच्या एका मर्दानी खेळांच्या पथकात सात वर्षं आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत हिला पट्टा फिरवताना मी स्वतः पाहिलंय.

मी पुस्तक उघडलं आणि म्हणालो, "मंकला चालत नाही."

ती शांतपणे म्हणाली, "पटाईत शब्द कुठून आला माहितीये?"

नव्हतं माहीत. पट्टा चालवण्यात तरबेज तो पटाईत. स्वयंपाकात पटाईत, गप्पा मारण्यात पटाईत, असं आपण रोज म्हणतो आणि शब्दात एक आख्खं हत्यार लपलंय याचा पत्ता नसतो. 'पवित्रा'चंही तेच. आज राजकीय पक्ष पवित्रा घेतात, मूळ अर्थ मात्र हत्यार चालवताना पाय कसे रोवायचे हा. ज्या भाषेत 'तरबेज' म्हणायला पट्ट्याचा शब्द वापरतात, त्या भाषेत बसून मी पट्टेकरणीला नियम शिकवत होतो.

आता माझी बाजू ऐका. या खेळात मंक पहिल्यांदा आला १९७५ साली, 'ब्लॅकमूर' नावाच्या पुरवणीत. तेव्हा अमेरिकेत कुंग-फूची लाट होती, त्यामुळे मंकची हत्यारंही तिकडून आली. तिसऱ्या आवृत्तीत तर यादीच होती: कामा, नुनचाकू, साई, शुरिकेन वगैरे. पाचव्या आवृत्तीने, २०१४ मध्ये, यादी काढून टाकली आणि सांगितलं की आखूड तलवार, किंवा साधं, जड नसलेलं, दोन हात न लागणारं जवळून मारायचं हत्यार घ्या. नाव हवं ते द्या. विळ्याला कामा म्हणा, सोट्याला नुनचाकू म्हणा.

म्हणून मी तडजोड सुचवली. "आखूड तलवारीचे आकडे घे, नाव दांडपट्टा ठेव." कोडमध्ये आपण व्हेरिएबलचं नाव बदलतो तसं.

तिने मोबाइलवर फोटो काढून समोर धरला. "यात आखूड काय आहे?"

बरोबरच होतं तिचं. दांडपट्ट्याचं पातं लांब, सरळ, दुधारी आणि लवचिक. आणि मूठ? मूठ नाहीच म्हणा, एक लोखंडी खोबणी आहे जी कोपराच्या जवळपर्यंत हात झाकते. आत आडवा दांडा असतो, तो धरायचा. याचा परिणाम काय होतो बघा. तलवारीत मनगट फिरतं, पट्ट्यात मनगट बंद. मग वार येतो कुठून? खांद्यातून, कमरेतून आणि पायांतून. म्हणून पट्टेकरी एका जागी उभा राहून लढताना दिसत नाही, तो गिरक्या घेत, उड्या मारत चालतो. प्रात्यक्षिकात तळहातावरचं लिंबू कापतात ना, ते हातसफाईपेक्षा पायांच्या हिशोबावर जास्त अवलंबून असतं. (पथकातल्या मुलींना सुरुवातीला हातात काठी देतात, पट्टा नाही. तिला पट्टा मिळायला दोन वर्षं लागली, हे तिने मला तीनदा सांगितलं.)

म्हणजे गंमत अशी की खेळ ज्याला मंक म्हणतो, शरीर हेच ज्याचं हत्यार, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडचं हत्यार पट्टाच आहे. आणि माझा नियम म्हणत होता, चालत नाही.

मग मी रविवारभर नियम पुन्हा वाचत बसलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी इतकी वर्षं खेळूनही आली नव्हती. मंकची लेव्हल वाढते तसा त्याच्या मुठीच्या घावाचा फासा वाढतो, आणि हातात चालणारं कुठलंही हत्यार असलं तरी तो मोठा फासा वापरता येतो. २०१४ च्या नियमांत चार बाजूंच्या फाशापासून सुरुवात होऊन सतराव्या लेव्हलला दहा बाजूंचा. तिथे पोचलात की सोटा, खंजीर, भाला, सगळे सारखेच लागतात. आणि आम्ही मात्र पहिल्या दिवशी 'कशाचा फासा मोठा' यावर अर्धा तास घालवतो! मंकसाठी तो प्रश्नच चुकीचा आहे. हत्यार कुठे लपतं, ते हातात असताना दुसरं काय करता येतं, आणि ते घेऊन तुम्हाला कोण कुठे जाऊ देईल, हे विचारायचं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याला चौथीपासून पाठ आहे. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. फाशाच्या हिशोबाने वाघनखं म्हणजे अगदीच किरकोळ हत्यार. तलवारीसमोर उभं राहायची त्याची लायकी नाही. पण भेट कसली होती? शामियान्यातली, गळाभेटीची. तिथे हत्यार मिठीच्या अंतरावर चालायला हवं आणि दिसता कामा नये. वाघनखांच्या दोन कड्या बोटांत, नख्या तळहातात; वरून बघणाऱ्याला अंगठ्याच दिसतात. अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली लोखंडी टोप. सगळी निवड एका खोलीसाठी, एका क्षणासाठी केलेली.

आणि त्याच भेटीत पट्टाही आहे, पण हा भाग शाळेत घाईत उरकतात. बखरीत अशी हकीकत आहे की अफजलखानाजवळ सय्यद बंडा आहे, मोठा पट्टेकरी आहे, त्याला दूर करा, असा आग्रह आपल्या बाजूने आधीच धरला होता. विचार करा, खानाच्या फौजेत एवढी माणसं, आणि भीती एका माणसाची, त्याच्या हातातल्या पट्ट्याची. पुढे तो वार करत आलाच, आणि जिवा महालाने त्याचा हात तोडला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण त्यातूनच आली.

(लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा माझ्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हीच ती' असा मेसेज फिरत होता. ही तीच आहेत असं सिद्ध करता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून तिथे गेली. मला तरी एवढ्याने ती बघायची इच्छा कमी झाली नाही.)

तिसरा प्रश्न, हत्यार घेऊन कोण कुठे जाऊ देईल, तो इंग्रजांनी आपल्याला विचारला. १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा झालं. मग जे टिकलं ते तालमीत आणि मिरवणुकीत, खेळ म्हणून. 'मर्दानी खेळ' या नावातच ते दिसतं. काठी, फरीगदगा म्हणजे छोटी ढाल आणि चामडं गुंडाळलेला सोटा, टोकाला कापडाचा गोळा असलेली बोथाटी, हरणाच्या शिंगांचा माडू, दोरी बांधलेला विटा जो फेकून परत ओढता येतो. लेझीमसुद्धा मुळात लोखंडी साखळीचं, ताकद कमवायचं धनुष्य. आपण शाळेत निळी हाफपँट घालून छुमछुम करायचो ते.

ओकिनावाच्या शेतकऱ्यांनी शस्त्रबंदीत विळे आणि दांडके हाती घेतले, ही गोष्ट खेळाच्या पुस्तकांनी डोक्यावर घेतली. तिच्यात सजावट बरीच आहे. आपल्याकडे शस्त्रबंदीचा कायदा तारखेसकट आहे, तालमी आहेत, बडोद्याच्या मुजुमदारांचा दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' आहे, आणि २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालाय. तरी माझ्या टेबलावर सहा वर्षांत कोणी विटा मागितला नव्हता, कारण यादीत तो नव्हता.

१९५९ च्या कायद्याखालच्या नियमांतही नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची शस्त्रं येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. म्हणजे उत्तनच्या एखाद्या घरातला मोठा कोयता हे अवजार, आणि तेवढ्याच लांबीची कट्यार हे शस्त्र. मंकला हत्यार देताना ही ओळ मला कुठल्याही फाशापेक्षा उपयोगी वाटते. शहराच्या वेशीवरचा शिपाई कोयत्याला सोडेल, कट्यारीला अडवेल.

तर पुढच्या शनिवारी मी पट्ट्याचे नियम लिहून आणले. घाव मंकच्याच फाशाने. हातातून हिसकावणं जवळपास अशक्य, कारण तो हातात घातलेला आहे. चढवायला आणि उतरवायला पूर्ण एक पाळी जाते. आणि त्या हाताने काहीही धरता येत नाही: दार नाही, दोर नाही, शत्रूची मानगूट नाही. लपवता तर मुळीच येत नाही.

तिने वाचलं. "दोन्ही हातांत घातले तर?"

"तर कुलूप उघडायला दुसऱ्याला बोलाव."

"चालेल," म्हणाली. त्या रात्री पूल तुटला, सगळे दोराला लटकले, आणि ती एका हाताने. फाशावर पडले तीन. आम्ही अजून त्या दरीतच आहोत, पुढचा डाव येत्या शनिवारी.