नव्या शहरात आकाशदर्शनासाठी सोबत कशी शोधाल? खगोल मंडळात जाण्याआधी हे वाचा

नोकरी किंवा शिक्षणासाठी गाव सोडून पुण्या-मुंबईत आलात की घरासोबत आकाशही सुटतं. अंगणातून सहज दिसणारी कृत्तिका फ्लॅटच्या गॅलरीतून शोधावी लागते. मग अनेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे ऑनलाइन दुर्बीण मागवणं. काही महिन्यांत ती कपाटावर जाऊन बसते.

कारण अडचण दुर्बिणीची नसते. अंधारी जागा कुठे आहे, तिथे रात्री सुरक्षितपणे कसं जायचं आणि काय बघायचं, हे सांगणारी माणसं नसतात. ही माणसं हौशी खगोल मंडळात भेटतात.

हौशी खगोल मंडळ म्हणजे काय?

पोटापाण्याचा उद्योग वेगळा, पण आवड आकाशाची असलेल्या लोकांचा हा गट. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झाली. देशातल्या सर्वांत जुन्या अशा संस्थांमध्ये तिची गणना होते. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात तिचं ठिकाण आहे. मुंबईत शीवचं खगोल मंडळ १९८५पासून काम करतंय.

नावात 'ज्योतिर्विद्या' असली तरी इथे कुणी पत्रिका बघत नाही. सदस्य होण्यासाठी विज्ञानाची पदवीही लागत नाही.

मंडळ शोधायचं कुठे?

सुरुवात शहरातल्या तारांगणापासून करा. मुंबईत वरळीचं नेहरू तारांगण आहे, नागपुरात रमण विज्ञान केंद्र. तिथल्या कर्मचाऱ्यांना स्थानिक गटांची माहिती असते. पुण्यात 'आयुका' ही संशोधन संस्था २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त सर्वसामान्यांसाठी कार्यक्रम घेत आली आहे. तिथे हौशी खगोलप्रेमी हमखास भेटतात. गोव्यात असाल, तर पणजीची सार्वजनिक वेधशाळा हा चांगला पर्याय आहे.

कधी जायचं?

कॅलेंडरवर अमावस्या बघा. तिच्या आसपासच्या शनिवारी रात्रभराचे कार्यक्रम ठेवले जातात, कारण चंद्रप्रकाशात अंधूक तारे दिसत नाहीत. आपल्याकडे पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत हा हंगाम चालतो. १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्यासाठी दुर्बीण लागतच नाही.

चंद्र बघायचा असेल तर मात्र पौर्णिमा टाळा. शुक्ल अष्टमीच्या आसपास प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवर लांब सावल्या पडतात, त्यामुळे तिथली विवरं ठळक दिसतात.

पावसाळ्यात नवीन शहरात आला असाल तरी थांबू नका. या दिवसांत व्याख्यानं आणि अभ्यासवर्ग होतात, आणि ओळखी व्हायला तेच सोपे असतात.

रात्रीच्या कार्यक्रमाआधी काय विचाराल?

मुंबईचे आकाशप्रेमी वर्षानुवर्षं कर्जत मार्गावरच्या वांगणीला जातात. शनिवारी रात्री जायचं, रविवारी पहाटेच्या लोकलने परत यायचं. पण अनोळखी शहरात अनोळखी लोकांसोबत रात्र काढायची, तर चौकशी करण्यात संकोच नको.

- आयोजक कोण आहेत आणि शुल्क किती?
- मुलींसाठी महिला स्वयंसेवक आहेत का?
- स्वच्छतागृह आणि झोपायची सोय कशी आहे?
- स्टेशनपासून एकत्र जाण्याची व्यवस्था आहे का?

चांगलं मंडळ या प्रश्नांची सरळ उत्तरं देतं. उत्तरं टाळली गेली, तर त्या कार्यक्रमाला जाऊ नका. गेलात तर घरी पत्ता आणि आयोजकांचा नंबर देऊन जा.

सोबत सतरंजी, स्वेटर, पाणी घ्या. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाइलचा एक फ्लॅश ती सवय मोडतो, आणि तुमच्या एकट्याची नाही, आजूबाजूच्या सगळ्यांची.

मग दुर्बीण कधी घ्यायची?

चार-पाच रात्री दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून बघितल्यावर. खोक्यावर '५२५ पट' लिहिलेलं असलं तरी भुलू नका. दुर्बीण किती प्रकाश गोळा करते, हे तिच्या पुढच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरतं. साधा हिशोब असा: व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट मोठं दिसणं उपयोगाचं. म्हणजे ६० मिमीच्या दुर्बिणीत १२० पट. त्यापुढे चित्र फक्त अस्पष्ट होत जातं. पहिली खरेदी १०×५०चा बायनॉक्युलर असेल तर उत्तम.

सामील झाल्यावर पुढे काय?

दोन-तीन कार्यक्रमांनंतर 'मदत करू का?' असं विचारा. नोंदणीच्या टेबलावर बसणं, दुर्बिणीपुढची रांग सांभाळणं, शाळेच्या मुलांना सप्तर्षी दाखवणं, अशा कामांतूनच पाहुण्याचा सदस्य होतो. पुढे उल्का मोजणं किंवा रूपविकारी ताऱ्यांच्या तेजाची नोंद ठेवणं अशी खरी वैज्ञानिक कामंही करता येतात. अमेरिकेत १९११मध्ये सुरू झालेली 'आवसो' ही संस्था जगभरातल्या हौशी निरीक्षकांकडून ताऱ्यांच्या अशा नोंदी घेते.

पुन्हा शहर बदललं तरी हे शिकलेलं वाया जात नाही. पुण्यात क्षितिजावर जास्तीत जास्त १९ अंशांपर्यंत चढणारा अगस्त्य दिल्लीत ९ अंशांवरच थांबतो, आणि ध्रुवतारा तिथे तेवढाच वर सरकलेला दिसतो. बाकी मृग, व्याध, सप्तर्षी ओळखीचेच. आता कॅलेंडर काढा आणि पुढची अमावस्या कधी आहे ते बघा.