पाहणे आणि ओळखणे

१८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चलच्चित्र टिपले. यंत्राने हालचाल जपली. तिला कुस्ती म्हणून ओळखणारा मात्र प्रेक्षकच होता. पुढे १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नर योहान्सन यांनी दाखविले, की काळोखात सांध्यांवर लावलेले दहाबारा प्रकाशबिंदू हलू लागताच मनुष्य चालत आहे हे पाहणाऱ्यास तत्काळ उमगते.

हीच विद्या संगणकास शिकविण्यासाठी २००४ साली स्टॉकहोममधील संशोधकांनी २५ जणांच्या ६ क्रियांच्या चित्रफिती मांडल्या : चालणे, दुडके धावणे, वेगाने धावणे, ठोसे मारणे, हात हलविणे, टाळ्या वाजविणे. २०१७ मध्ये दुसऱ्या एका संग्रहात अशा क्रिया ४०० झाल्या. तथापि अशा यादीवर शिकलेले यंत्र त्या यादीतलेच नाव देऊ शकते.

आमच्या रायपुरात गुरू घासीदास जयंतीस मांदराच्या तालावर पंथी नृत्य होते. ते नाव कोणी शिकविले नसेल, तर यंत्र त्यास केवळ नाच म्हणेल आणि त्यातील उपासना हरवेल. म्हणून या यादीत कोणत्या कृतींना स्थान मिळते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. तो आपलाही आहे.