बळी त्यांचे, कर्णधारपद दुसऱ्याचे

१. पालवणकर बाळू चर्मकार समाजातील. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता जे. जी. ग्रेग यांना सरावासाठी चेंडू टाकून त्यांनी डावखुरी फिरकी घडवली.

२. त्यांना हिंदू संघात घ्यावे काय, यावर पुण्यात वाद रंगला. अखेर घेतले, परंतु चहा मिळे तो मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात.

३. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी टिपले. अचूकतेविषयी शंकेला जागा उरली नाही. तरीही चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. आड आली ती जात.

४. १९२० मध्ये याच प्रश्नावरून धाकटे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी प्रथम माघार घेतली. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने विजेतेपद पटकावले.