घासलेल्या दात्यांची कैफियत

नव्याने बांधलेल्या मोटारीच्या इंजिनात एखाद्या गिअरचे दाते अकाली आणि एकाच अंगाने झिजलेले आढळले, म्हणजे पहिला आळ त्या गिअरवर येतो, आणि बहुधा तो खोटा असतो. अशा फिर्यादीत गिअर हा आरोपी नसतो, साक्षीदार असतो. गुन्हा कुठेतरी दुसरीकडे, एखाद्या वाकड्या शाफ्टात, जाम झालेल्या पंपात किंवा लेथवाल्याच्या हाताखालून गेलेल्या बिडाच्या ठोकळ्यात घडलेला असतो. हे तत्त्व आज कोणताही जाणता मिस्त्री सहज बोलून दाखवील. परंतु ते कारागिरांच्या अंगवळणी पडण्याला पुष्कळ काळ जावा लागला.

दात्याची भूमिती तशी जुनी आहे. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने इन्व्होल्यूट वक्राचा दाता सुचविला, आणि केंब्रिजच्या रॉबर्ट विलिसने १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या यंत्ररचनेवरील ग्रंथात गिअरच्या दात्यांचे साग्र विवेचन केले. या वक्राचा मोठा गुण असा की, दोन चाकांच्या मध्यांतील अंतर किंचित कमीअधिक झाले तरी त्यांच्या गतीचे गुणोत्तर ढळत नाही. मोटारीने पुढे हाच दाता पत्करला. परंतु गुणोत्तर न ढळणे निराळे आणि दाता शाबूत राहणे निराळे: अंतर वाढले की दाते एकमेकांवर आपटू लागतात, आणि घटले की तेलाला शिरण्यापुरतीही फट उरत नाही. १८९२ साली फिलाडेल्फियाच्या विल्फ्रेड लुइसने दात्याला एका टोकाशी जखडलेली तुळई मानून त्याच्या बळाचे सूत्र दिले. ते इतके सोयीचे ठरले की दाता केव्हा तुटेल याचीच चिंता अभियंते दीर्घकाळ वाहत राहिले, आणि तो न तुटता का झिजतो, या प्रश्नाची पद्धतशीर दखल अर्ल बकिंगहॅमसारख्यांनी घेईपर्यंत विसाव्या शतकाची तिशी उजाडली होती.

मोटारीचा व्यवसाय त्या काळात आवाजाच्या धास्तीत होता. क्रँक आणि कॅमशाफ्ट यांना जोडणारे लोखंडी गिअर किंचाळतात म्हणून १९२७ च्या फोर्ड मॉडेल ए गाडीत कॅमचा गिअर राळेत थापलेल्या फायबरचा दिला गेला. तो मुकाट्याने चाले आणि मुकाट्यानेच दाते गाळी. आणि दाते गळाले की फायबरच तो, असे म्हणून सगळे मोकळे होत. साक्षीदार दुबळा ठरल्यावर त्याची जबानी घ्यायची कोणाला? निदानाची विद्या त्या पिढीत वाढली नाही याचे एक कारण मला हे वाटते.

ती वाढली कॅमशाफ्टच्या पोटातील तिरप्या दात्यांच्या गिअरमुळे. त्या काळच्या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्टवर कोरलेला तिरपा गिअर दुसऱ्या एका आडव्या वा उभ्या दांड्यावरील गिअरला फिरवी, आणि त्या दांड्याकडे ऑइल पंप व ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर अशी दोन्ही खाती सोपवलेली असत. हे दोन शाफ्ट समांतर नसल्यामुळे दात्यांचा स्पर्श रेषेवर न होता बिंदूवर होतो, आणि तोही लोळत नव्हे, घसरत होतो. म्हणून ही जोडी इंजिनातील सर्वांत सोशिक आणि सर्वांत हळवी. हिवाळ्याच्या सकाळी घट्ट झालेले तेल ओढताना पंपाला जो जोर पडतो तो याच दात्यांवर येतो; पंपात धातूचा कीस अडकला तर तोही यांनाच भोवतो. दाते झिजले की ठिणगी उशिरा पडू लागते, गाडी चढणीला दमते, आणि मालक कार्ब्युरेटरला दोष देत राहतो.

आपल्याकडे ही विद्या दुसऱ्या महायुद्धानंतर विशेष रुजली, आणि तिचा मुख्य पाठ जीपगाडीने दिला. युद्धातील विलिस जीपच्या २.२ लिटरच्या इंजिनात क्रँक आणि कॅम यांच्यामध्ये साखळी होती. युद्धोत्तर मुलकी जीपमध्ये लवकरच साखळी जाऊन तेथे गिअर आले. लष्कराने डिस्पोजलात काढलेल्या जीपा, महिंद्र कंपनीने मुंबईत जुळणी केलेल्या जीपा आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट यांचा तो जमाना होता. नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागे. मग तेच इंजिन रीबोअर करून, क्रँक घासून, पुन्हा बांधून, तीनतीनदा चालविण्यावाचून गत्यंतर नसे. पण इंजिन जितक्या वेळा बांधावे तितकी त्यातील अंतरे मूळ नकाशापासून सरकतात. मेन बेअरिंगची घरे लाइन बोअरिंगने सरळ केली की क्रँक केसाच्या जाडीइतका का होईना, कॅमकडे सरकतो, आणि जिथे साखळी सैल पडली असती तिथे गिअर घट्ट बसून शीळ घालू लागतो. कॅमशाफ्टचा पुढे-मागे होणारा प्ले वाढला की तिरप्या दात्यांवरील स्पर्शाची जागाच फिरते. पुण्याच्या नाना पेठेतून जुना गिअर आणून नव्याशी जुंपला तर जुन्याची खोड नव्याला लागते. म्हणून गिअर जोडीनेच बदलावा हा मिस्त्रींचा दंडक.

निदानाची रीत साधी होती. गिअर रॉकेलने धुऊन, कॉटन वेस्टने कोरडे पुसून, दात्यांवर निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि क्रँक हँडलने सावकाश फिरवायचा. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये चित्रकारांच्या रंगासाठी निपजलेला हा प्रशियन निळा आमच्या गॅरेजांत निराळ्याच चित्रासाठी वापरला गेला. निळाई दात्याच्या मध्यावर पुसली गेली तर बैठक ठीक. एका टोकाला पुसली तर शाफ्ट आपली जागा सोडून बसला आहे. नुसत्या शेंड्याला पुसली तर अंतर वाढले आहे. मात्र प्रत्येक विषम झीज संशयास्पद मानण्याची उतावीळ करू नये. झडपांच्या स्प्रिंगा कॅमला कधी अडवितात, कधी पुढे ढकलतात, त्यामुळे कॅमच्या गिअरवर काही दाते अधिक घासणे हे त्याच्या प्रारब्धातच असते. शिवाय क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक, हा हिशेब ठरलेला असल्याने त्याच दात्याची गाठ नेहमी त्याच दात्याशी पडते, आणि एकाची खरवड दुसऱ्यावर ठशासारखी उमटते. हा भेद न ओळखता कित्येक चांगले गिअर भंगारात गेले असतील.

पुढचा अध्याय अमेरिकेतला. १९८५ साली फोर्डने मस्टँगच्या पाच लिटरच्या व्ही-आठ इंजिनात रोलर टॅपेट आणून पोलादी कॅमशाफ्ट बसविला आणि त्याच्या जोडीला डिस्ट्रिब्युटरचा गिअरही पोलादी दिला. जुने इंजिन बांधणाऱ्या हौशी लोकांनी कॅमशाफ्ट तेवढा उचलला, जोडीदार मात्र बिडाचाच ठेवला, आणि थोडक्याच मैलांत त्याचे दाते सुरीच्या धारेसारखे झाले. मग काशाचा गिअर आला, जो स्वतः झिजून कॅमला वाचवी आणि ठरावीक मुदतीने बदलावा लागे. इतके करूनही झीज थांबली नाही तेव्हा शोध आणखी मागे गेला: ज्या व्ही-आठ इंजिनांत डिस्ट्रिब्युटर इनटेक मॅनिफोल्डवर टेकलेला असतो, त्यांत सिलिंडर हेड प्लेन केल्याने मॅनिफोल्ड खाली बसतो, त्याबरोबर डिस्ट्रिब्युटरही उतरतो, त्याचा दांडा पंपावर दाबला जातो आणि गिअर आपली नेमलेली जागा सोडतो. हेडवरून उतरलेल्या चार कागदांच्या जाडीची ही कैफियत दात्यांनी दिली होती. ती वाचणारा भेटेपर्यंत दोष धातूला लागत राहिला.

१९९७ च्या कॉर्व्हेटमधील नव्या व्ही-आठ इंजिनात डिस्ट्रिब्युटर उरला नाही आणि ऑइल पंप थेट क्रँकच्या नाकाडावर बसला. तिरप्या दात्यांच्या त्या गिअरचा अंमल कारखान्यांतून अशा रीतीने हळूहळू उठत गेला, आणि त्याची जबानी घेण्याची विद्या आता जुन्या जीपा आणि फियाट सांभाळणाऱ्यांपुरती राहिली आहे.