तिरप्या अक्षराचे लग्न : इटॅलिक रोमनची जोडीदार कशी झाली?

१/ इंग्रजी पुस्तकात एखाद्या ग्रंथाचे नाव किंवा परभाषेतील शब्द आला की अक्षरे किंचित उजवीकडे कलतात आणि शब्द संपताच पुन्हा ताठ उभी राहतात. सरळ ते रोमन, तिरपे ते इटॅलिक. ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे की ती मुद्रणकलेबरोबरच जन्मली असावी असे वाटते. प्रत्यक्षात ही दोन वळणे एकत्र नांदण्यासाठी घडवली गेलीच नव्हती. #थ्रेड

२/ स्थळ व्हेनिस, वर्ष १५०१. आल्दुस मानुतिउस या विद्वान मुद्रकाने रोमन महाकवी व्हर्जिल याच्या काव्याची एक लहानशी प्रत काढली. आकार ऑक्टाव्हो, म्हणजे छापील ताव तीनदा दुमडून होणारा, हातात सहज मावणारा. मेजावर ठेवून वाचण्याचे अभिजात साहित्य आता प्रवासात नेता येऊ लागले. आणि आतील संपूर्ण मजकूर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एका नव्याच तिरप्या अक्षरात होता.

३/ हे वळण आकाशातून पडले नव्हते. इटलीतील मानवतावादी पंडित आणि लेखनिक भरभर लिहिताना जे हस्ताक्षर वापरत, तेच धातूत उतरवले होते. पोलादी ठसे कोरणारा कारागीर होता बोलोन्याचा फ्रांचेस्को ग्रिफो. गंमत अशी की १४९६ च्या सुमारास पिएत्रो बेंबोच्या ‘दे एत्ना’ या छोट्या ग्रंथासाठी आल्दुसचे नावाजलेले रोमन अक्षरही याच हातांनी कोरले होते. एकाच हातची ही दोन अक्षरे, पण एका परिच्छेदात शेजारी बसवण्याचा विचार त्यामागे नव्हता. रोमनचे पुस्तक वेगळे, इटॅलिकचे पुस्तक वेगळे.

४/ इटॅलिक अरुंद असल्याने कागद वाचावा म्हणून ते निर्माण झाले, असे सर्रास सांगितले जाते. हे स्पष्टीकरण पद्याला नीटसे लागू पडत नाही. कवितेची ओळ कितीही अरुंद अक्षरात छापली तरी ओळींची संख्या घटत नाही! लाभ होता तो वेगळाच : व्हर्जिलची लांब ओळ लहान पानावर न मोडता बसत होती.

५/ त्या अक्षरात आजच्या डोळ्याला खटकणारी एक गोष्ट होती. लहान अक्षरे तिरपी, पण मोठी अक्षरे, म्हणजे कॅपिटल्स, ताठ रोमनच! ओळीच्या आरंभी एक सरळ अक्षर, थोडी मोकळी जागा आणि मग कललेली रांग. रोमन आणि इटॅलिक यांचे पहिले सहजीवन ते हेच. तेही ओढूनताणून जुळवलेले नव्हते. मोठी अक्षरे तिरपी करावीत ही गरजच तेव्हा कोणाला भासली नव्हती.

६/ आता वादाचा भाग. व्हर्जिलच्या आरंभी आल्दुसने ग्रिफोच्या कौशल्याची पद्यात स्तुती केली. मात्र १५०२ मध्ये व्हेनिसच्या सिनेटकडून या अक्षराचा विशेषाधिकार घेतला तो स्वतःच्या नावे. ज्याने कोरले त्यालाच ते दुसऱ्यासाठी कोरण्याची व्हेनिसच्या राज्यात सोय उरली नाही. ग्रिफोने शहर सोडले. १५०३ मध्ये फानो येथील मुद्रक गेर्शोम सोंचिनो याने पेत्रार्काचे काव्य ग्रिफोच्या नव्या इटॅलिकमध्ये छापले आणि अर्पणपत्रिकेत स्पष्ट लिहिले की या अक्षराचा खरा जनक ग्रिफो आहे.

७/ इकडे फ्रान्समधील लियों शहरात त्या विशेषाधिकाराला कोण विचारतो! तिथल्या मुद्रकांनी आल्दुसच्या पुस्तकांच्या नकला सर्रास काढल्या. आल्दुसने संतापून १५०३ मध्ये एक जाहीर इशारा छापला आणि नकली प्रतींतील चुका मोजून दाखवल्या. त्याच यादीवरून नकलकारांनी आपल्या चुका दुरुस्त केल्या, असे सांगितले जाते.

८/ ग्रिफोचा शेवट दुःखद आहे. बोलोन्याला परतून १५१६ मध्ये त्याने स्वतः काही छोटी पुस्तके छापली. पुढे जावयाच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आला आणि त्यानंतर दप्तरांतून त्याचे नाव नाहीसे होते.

९/ जोडी जुळली ती आल्प्सच्या पलीकडे. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या मुद्रकांना उमगले होते की रोमन ग्रंथातच प्रस्तावना, अवतरण किंवा पद्य इटॅलिकमध्ये दिले की वाचकाला न सांगता आवाज बदलल्याचे कळते. पण त्यासाठी दोन्ही अक्षरांची उंची, जाडी आणि पानावरील काळेपणा जुळायला हवा. कॅपिटल्सही आता तिरप्या झाल्या. या कामात रोबेर ग्रांजों याचा हात धरणारा कोणी नव्हता. १५९२ मध्ये फ्रँकफर्टच्या एका टंकशाळेने विक्रीसाठी नमुनापत्रक काढले. त्यात रोमन अक्षरे क्लोद गारामों याची आणि इटॅलिक ग्रांजोंची. दोन वेगळ्या कारागिरांची कामे, पण ग्राहकाने शेजारी ठेवून पाहावीत अशी मांडलेली. आज संगणकावर ‘अडोबी गॅरामाँड’ निवडले तर त्यातील इटॅलिकचा आधार ग्रांजोंच आहे. नाव मात्र एकट्या गारामोंचे!

१०/ ग्रिफोच्या वाट्याला तर याहून विचित्र न्याय आला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने ‘दे एत्ना’तील त्याचे रोमन ‘बेंबो’ या नावाने पुन्हा घडवले. अक्षराला नाव लाभले लेखकाचे. जोडीला इटॅलिक हवे होते. सुलेखनकार आल्फ्रेड फेअरबँकने एक देखणे इटॅलिक काढून दिले, पण सल्लागार स्टॅन्ली मॉरिसनला ते फार स्वतंत्र वृत्तीचे वाटले : रोमनशेजारी बसले की लक्ष स्वतःकडेच ओढून घेणारे. ते वेगळे विकले गेले. बेंबोशी संसार थाटला तो व्हेनिसचा लेखनगुरू ताल्येंते याच्या वळणावर बेतलेल्या एका शांत इटॅलिकने. ग्रिफोच्या रोमनला ग्रिफोचे इटॅलिक तेव्हाही मिळाले नाहीच.

११/ मराठीपाशीही अशीच दोन वळणे होती. पोथीची बाळबोध आणि दप्तराची, हात न उचलता लिहायची मोडी. मोडीचे खिळेही पडले होते. विल्यम केरीचा १८१० चा मराठी-इंग्रजी कोश श्रीरामपूरला मोडीतच छापला गेला. पण मोडीची घडण बाळबोधीहून फार निराळी. छपाईत पुढे बाळबोधच रुजली, आणि बाळबोध परिच्छेदात एखादा शब्द मोडीत बसवण्याची रीत कधी पडली नाही. आज संगणकावर मराठी शब्द ‘इटॅलिक’ केला की बहुधा बाळबोध अक्षरच यांत्रिकपणे कलते. शिरोरेषा तेवढी आडवी राहते.